ळ नसलेला म्हातारा

युनिटमध्ये सगळेच त्यांना मामा म्हणत, चहावाल्यापासून निर्मात्यापर्यंत. खरी भाची मात्र एकच होती, आणि ती सिनेमाची लेखिका होती. गेले सोळा दिवस ती अख्ख्या युनिटला मामा बनवत होती.

झालं होतं असं. शूटिंगच्या चार महिने आधी मामांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, वाकडं झालेलं तोंडही सरळ झालं. गेला तो फक्त ळ. 'बाळ' म्हणायला जात आणि 'बाल' होई. पन्नास वर्षं रंगमंच गाजवलेल्या त्या आवाजातून असं बोबडं अक्षर निघालं की मामी उठून आत निघून जायची. हे बाहेर फुटलं असतं तर निर्मात्याने मामांना काढलं नसतं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर तिकिटं खपत. पण डबिंगला दुसऱ्या कोणाचा तरी आवाज लावला असता. आणि आवाज गेल्यावर मामांकडे राहिलं काय असतं?

म्हणून तिने मामांनाही न सांगता त्यांच्या संवादांतला एकेक ळ वेचला, तांदळातले खडे वेचावेत तसा. 'सगळे'चं 'सारे' केलं, 'कळलं'चं 'समजलं', 'वेळ झाली'चं 'चला, निघू या'. शॉटबाहेर मामा पहिल्यापासूनच फारसं बोलत नसत. ऐकायला सोपं वाटतं. मराठीत ळ वगळून बापाला मुलीशी भांडायला लावून दाखवा, मग बोला! पटकथा लिहिणाऱ्याला शिंप्यासारखं नटाच्या मापाने वाक्य बेतता आलं पाहिजे, वकिलासारखं त्याच्या बाजूने भांडता आलं पाहिजे, वैद्यासारखी नाडी कळली पाहिजे, असं म्हणतात. ती हे सगळं करत होती आणि वर चोरासारखी घाबरतही होती.

दिग्दर्शक बारीक नजरेचा. "तुझा हा म्हातारा कधी 'सगळं' का म्हणत नाही गं?" त्याने एकदा विचारलं होतं.

"जुना मास्तर आहे तो. त्याची भाषाच तशी," तिने ठोकून दिलं.

सतराव्या दिवशी मात्र पंचाईत झाली. शेवटच्या प्रसंगात मुलीने लपवलेली गोष्ट बापाला आधीपासून ठाऊक असते. तिथे दिग्दर्शकाने स्वतःच एक वाक्य लिहिलं आणि कागद थेट मामांच्या हातात दिला. "मला सगळं कळलं होतं, बाळ. त्याच वेळी."

चार ळ.

"हे वाक्य नकोच," तिने दिग्दर्शकाला गाठलं. "बाप नुसता बघेल. न बोलता जास्त पोचेल."

"अगं, सोळा दिवस तो मोजूनमापून बोलतोय. एकदा तरी मोकळं बोलू दे की त्याला."

"मग 'मला सारं ठाऊक होतं, पोरी'?"

"पोरी म्हणणारा बाप वेगळा, बाळ म्हणणारा वेगळा. तू लिहिलंस ना? आता माझं काम मला करू दे."

यापुढे वाद घालायचा तर खरं सांगावं लागलं असतं. ती मामांच्या खोलीकडे धावली. मामा मेकअप करून, कागद गुडघ्यावर ठेवून बसले होते.

"मामा, हे म्हणू नका. चक्कर आली म्हणून सांगा, तोवर मी बदलून घेते."

"वाक्य छान आहे," मामा म्हणाले. "मी म्हणणार."

"पण मामा..."

"जा. शॉट लागतोय."

दिवे लागले. मामांनी समोरच्या नटीच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघितलं कॅमेऱ्यापलीकडे, भाचीकडे.

"मला सगलं कललं होतं, बाल. त्याच वेली."

कोणीतरी फिसकन हसलं. तिला आधी त्या हसणाऱ्याचा संताप आला. मामा हे नटीला सांगत नव्हते, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आजारपणाआधी तिने त्यांना पहिला खर्डा वाचून दाखवला होता. त्यातला म्हातारा दर दोन वाक्यांनी 'बाळ' म्हणायचा; ते 'बाळ' कुठे गेले, हे मामांनी तेव्हाच ओळखलं होतं. तिला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

दिग्दर्शकाने मामांना खुर्चीवर बसवलं आणि तिला जवळ बोलावलं. तिने मान खाली घालून सगळं सांगितलं. माणूस चांगला होता, रागावला नाही.

"मामा, काळजी करू नका. अभिनय तुमचाच राहील, आवाज दुसऱ्याचा लावू. प्रेक्षकांना कळणारसुद्धा नाही."

"लावा," मामा म्हणाले. "सोला दिवस हिनं तरी काय वेगलं केलं?"

"मामा, मी तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठीच. पण एकदा मला विचारायचं होतंस. मी म्हटलं असतं, म्हातारा बोबडा लिही."

तिला इतक्या साऱ्या युक्त्या सुचल्या होत्या, हे सुचलं नव्हतं. सोळा दिवसांचं शूटिंग आता पुन्हा होणार नव्हतं, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं.