बंद विहिरीचे मनोगत

करिष्माचा निबंध ब्याण्णव टक्के यंत्राने लिहिलाय असं संगणकाने दाखवलं, तेव्हा मला आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकतो, मागाहून कुणी मला साळसूद समजायला नको.

आमच्या संस्थेने बारावी झालेल्या मुलींसाठी निबंधस्पर्धा ठेवली होती. विषय होता 'माझे घर'. पहिल्या नंबराला बीडच्या वसतिगृहात तीन वर्षं राहणं, जेवणं आणि बी.ए.चं शिक्षण फुकट. निबंध तपासणार मी. नेकनूर भागात एकतीस वर्षं मराठी शिकवतोय आणि हल्लीची पोरं मोबाइलला विचारून निबंध उतरवतात याचा मला भयंकर संताप. तशात कुणीतरी सांगितलं, एक वेबसाइट आहे, मजकूर टाकला की तो माणसाचा किती आणि यंत्राचा किती ते टक्क्यांत सांगते. मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून ठराव करून घेतला: साठ टक्क्यांच्या वर गेला तो निबंध बाद.

करिष्मा ही अजिनाथ आणि भिवराबाईची मुलगी. दसरा झाला की दोघं ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातात, ते चैत्रात परत येतात. तेवढे सहा महिने ही आजीजवळ राहायची. तशीच राहून बारावी झाली, अठरा भरले. आजी, सुंदरबाई, या श्रावणात वारली. भिवराबाई मला कॉलेजच्या गेटवर गाठून म्हणाली होती, "सर, हास्टेलला नंबर लागला तर बरं हुईल. न्हाई तर टोळी निघायच्या आत उजवावी लागंल. मोठी पोर येकटी घरात ठिवून तिकडं जीव लागंल का आमचा?"

"बघू," मी म्हणालो होतो. खरं तर नंबर तिचाच यावा असं मला मनातून वाटत होतं. म्हणूनच ब्याण्णवचा आकडा बघून आधी आनंद झाला, की यंत्र माझ्या लाडक्या विद्यार्थिनीलाही सोडत नाही. मग राग आला, तो तिचा.

मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. सोबत भिवराबाई आली, ती दाराशीच उभी राहिली. मी संगणकाचा पडदा करिष्माकडे वळवला.

"हे काय आहे?"

"सर, मीच लिवलाय तो," ती म्हणाली. "कच्ची वही हाय घरी. तुमी शिकवलं तसंच लिवलंय."

"वहीत काय, मोबाइलमधलं बघूनही उतरवता येतं."

"मग आत्ता लिवते. तुमच्यासमोर. कोणताबी विषय द्या."

मला तिचा हा ताठा आवडला नाही. मी विषय दिला, 'बंद विहिरीचे मनोगत'. तिने चाळीस मिनिटांत दोन पानं भरली. एकदा पेन थांबलं, तिने खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा लिहायला लागली. भिवराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिच्या हाताकडे बघत होती. तिला वाचता येत नाही, पण हात थांबला की तिचाही जीव थांबत असावा.

आमचा कारकून सुग्रीव याने ते टाइप करून वेबसाइटवर टाकलं. चौऱ्याण्णव टक्के.

आता यावर कुठल्याही शहाण्या माणसाला काय वाटलं असतं? पोरीने माझ्या डोळ्यांदेखत लिहिलंय, तेव्हा वेबसाइटच चुकतेय. पण मी मराठीचा मास्तर. आमच्याकडे दहावी-बारावीला पोरं तीस-तीस निबंध तोंडपाठ करून पेपरला बसतात, आणि मनोगत तर प्रत्येक गाइडात असतं. मला वाटलं, हीही मोबाइलवरचं पाठ करून आली. मी लाल पेन उघडलं आणि तिच्या कागदावर आडवं लिहिलं: 'यंत्राचे लेखन. पाठांतर. बाद.'

"पाठ करून आलीस," मी म्हणालो.

करिष्माने पेनाला टोपण लावलं. भिवराबाईच पुढे आली. "कावून खोटं बोलंल ती, सर? आजीच्या दहाव्याला बी वही घिऊन बसली व्हती."

"ताई, मशीनला कुणाची ओळख नसते," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

नंबर प्रियदर्शनीला मिळाला. ती संस्थेच्या एका संचालकांची पुतणी. तिच्या निबंधाला वेबसाइटने यंत्राचे चारच टक्के दिले होते, आणि निबंध होताही जिवंत. चुलीचा धूर, कुडाची भिंत, मधूनच एखादी चूक. दसऱ्यानंतरच्या सत्कारात मी तिला श्रीफळ देताना म्हणालो, "इतकं आतून कसं लिहिलंस गं?"

ती हसली. पोरगी वाईट नाही, उलट सरळ आहे. "सर, मोबाइललाच सांगितलं की. गावाकडच्या गरीब मुलीसारखं लिही म्हणलं, जरा चुका पण कर. आमच्या घरी कुठाय कुडाची भिंत?"

माझ्या हातात दुसरा नारळ होता. तो कुणाला द्यायचा तेच मला आठवेना.

त्याच दुपारी मी कपाटातून माझ्या जुन्या नोट्स काढल्या. गेली एकतीस वर्षं मी वर्गात हाच साचा घोटून घेतलाय. सुरुवातीला व्याख्या, मग 'एकीकडे' आणि 'दुसरीकडे', मग मोजून तीन मुद्दे, शेवटी 'थोडक्यात सांगायचे तर'. बोर्डात मार्क पडतात. माझा 'माझा आवडता ऋतू' मी सुग्रीवला टाइप करायला दिला. तो मी लिहिला तेव्हा या कॉलेजात संगणकच काय, धड फोनसुद्धा नव्हता.

सत्त्याण्णव टक्के.

सुग्रीव गालात हसला. मी त्याच्यावर ओरडलो, मग खाली बसलो. करिष्मा मला सांगत होती, तुमी शिकवलं तसंच लिवलंय. तिच्या बोलण्यात दुसरा अर्थच नव्हता, आणि मी तो एकमेव अर्थ ऐकला नव्हता.

तिचा विहिरीचा कागद फायलीत पुरावा म्हणून लावलेला होता. तो मी पहिल्यांदा नीट वाचला. व्याख्या होती, एकीकडे-दुसरीकडे होतं, तीन मुद्दे होते. आणि मधेच, जिथे पेन थांबलं होतं तिथे, हे होतं: 'माझ्यावर पत्रा टाकून माणसे सहा महिने निघून जातात. परत आल्यावर घरात शिरायच्या आधी ती माझ्यात खडा टाकतात. मी आवाज दिला की हसतात. या वर्षी आवाज ऐकायला एक म्हातारी कमी असेल.'

हे कुठल्या गाइडात असतं?

मी कागद घडी करून खिशात घातला आणि तिच्या गावाकडे जाणारी मिळेल ती एस.टी. पकडली. अध्यक्षांशी भांडेन, वसतिगृहात एक कॉट जास्त टाकायला लावेन, असं रस्ताभर घोकत गेलो. दसरा होऊन पाच दिवस झाले होते. आमच्याकडे एरवी तुळशीच्या लग्नाआधी कुणी लग्न लावत नाही. पण टोळीचा ट्रॅक्टर तुळशीसाठी थांबत नाही.

ट्रॅक्टर वेशीतच उभा होता. ट्रॉलीत भांडी, सरपण, गोधड्या, दोन शेळ्या. करिष्मा गोधड्यांवर बसली होती, हातभर हिरवा चुडा, हळद अजून उतरली नव्हती. शेजारी नवरा, हनुमान नावाचा, जेमतेम मिशा फुटलेला. मुकादम खालून मोजत होता. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजणी. "हनुमानाचा नवा कोयता धरून अकरा," तो म्हणाला आणि पुढे गेला.

मी ट्रॉलीला धरून उभा राहिलो. "करिष्मा, मशीन चुकलं. म्हणजे मीच चुकलो. तो निबंध तुझाच होता."

"मला म्हाईत व्हतं की, सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. भिवराबाई पलीकडे तोंड करून शेळीचा कासरा बांधत राहिली. तो केव्हाच बांधून झाला होता.

ट्रॅक्टर सुरू झाला. करिष्मा एकदम वाकली. "सर, त्यो विहिरीचा कागद हाय का तुमच्याकडं? आजीचं लिवलं व्हतं त्यात. मला संगं न्यायचा व्हता."

माझा हात खिशावर गेला. घडीच्या आत, तिच्या आजीवरून आडवी, माझी लाल अक्षरं होती.

"नाही गं," मी म्हणालो. "सापडला नाही."

"असू द्या," ती म्हणाली, आणि तिने मला नमस्कार केला.