डाव्या हातातली कात्री

“ताई, डोळे फार सरळ झालेत हो,” रुचिरा म्हणाली. “मिहिर पहिलीत आहे. मॅडमना लगेच कळेल.”

शुभदाताईंनी घुबडाचा एक डोळा उचकटून जरा खाली चिकटवला. मग कात्री डाव्या हातात घेऊन पंखाची कड कापली. ती हवी तशी वेडीवाकडी गेली. शेवटी करंगळी गोंदात बुडवून त्यांनी घुबडाच्या पोटावर ठसा उमटवला. लहान मुलाच्या बोटासारखा ठसा करंगळीचाच येतो, हे शोधायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

“अय्या, अगदी मिहिरनंच केल्यासारखं!” रुचिरानं तिथल्या तिथे फोटो काढून आयांच्या ग्रुपवर टाकला. ‘आज मी आणि माझं पिल्लू, टाकाऊतून टिकाऊ!’ पिल्लू तेव्हा घरी मोबाइलवर गाड्या आपटत होतं.

बालवाडीत अठ्ठावीस वर्षं काढून शुभदाताई निवृत्त झाल्या, आणि रिकामं बसवेना म्हणून त्यांनी मुलांच्या नावानं अशा वस्तू करून द्यायला सुरुवात केली. आता भिवंडीतल्या मिहिरच्या शाळेच्या पालक-बालक हस्तकला स्पर्धेतलं बहुतेक सगळं त्यांच्याच जेवणाच्या टेबलावरून जायचं. इयत्ता विचारून त्या वाकडेपणा ठरवत. बालवाडीला गोंद ओघळलेला, दुसरीला एखादीच कड चुकलेली. या कसबाचा त्यांना मनापासून अभिमान होता. यंदा मुख्याध्यापिका मृणाली मॅडमनी त्यांनाच परीक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा त्यांना आधी हसू आलं आणि मग बरंही वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी टेबलावर दहा वस्तू होत्या. त्यातल्या नऊ त्यांच्या. आपल्याच घुबडाला, आपल्याच बाटलीच्या पेंग्विनला गंभीर चेहऱ्यानं गुण देत त्या पुढे सरकत होत्या. टोकाला बुटाचं खोकं होतं. खोक्यात छोटा लूम, कापड विणायचा माग. सुताच्या रिकाम्या कांड्यांचे रूळ, आडवा धागा ओवायला आइस्क्रीमच्या काडीचा धोटा, आणि ताणलेल्या धाग्यांवर विणलेलं वीतभर खरंखुरं कापड. मागे दुसरीतली क्षितिजा उभी होती, आणि तिची आजी सीताबाई. दोघी जवळच्या शेलार गावाहून आलेल्या.

“कोणी केलं हे?”

“तिनंच केलंय, बाई,” सीताबाई म्हणाली. “आमचे घराचे बाजूला लूमचा कारखाना हाय. खिडकीतून बघून बघून केलं. मी निस्ता सुईत दोरा घालून दिला. मला तर यातलं काय कललं पन न्हाय.”

“करून दाखवू?” क्षितिजानं धोटा हातात घेतलासुद्धा.

शुभदाताई कापडाची कड बघत होत्या. दोन-तीन ठिकाणी ती वाकडी गेली होती, आणि तिथे धागा उसवून पुन्हा विणल्याच्या खुणा होत्या. मुलं वाकडं करायला बसत नाहीत, त्यांच्या लक्षात आलं. ती जीव तोडून सरळच करायला बसतात, आणि तरी वाकडं जातं. आपल्या नऊ वस्तूंत ते जीव तोडणं कुठेच नव्हतं. त्यांना लाज वाटायला हवी होती. आला तो राग.

“दुसरीतली मुलगी हे करेल?” मागून रुचिरा म्हणाली. “ताई, तुम्हीच सांगा. इतकी वर्षं मुलांत काढलीत तुम्ही.”

मृणाली मॅडमही त्यांच्याकडे बघू लागल्या. मुलाच्या हातची वस्तू टेबलावर ही एकच आहे, हे शुभदाताईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तसं म्हटलं की बाकीच्या कुणाच्या, हा प्रश्न आलाच. आणि रुचिरा मागेच उभी होती.

“मोठ्यांचा हात लागलाय,” त्या म्हणाल्या. “या वयात कड इतकी सरळ येत नाही.”

“पन बाई, मी दाखवते ना!” क्षितिजा म्हणाली.

“राहू दे हं, बाळा,” शुभदाताई बालवाडीतल्या गोड आवाजात म्हणाल्या.

खोकं टेबलाखाली गेलं. पहिलं बक्षीस घुबडाला मिळालं. मिहिर फोटोसाठी पेंग्विन उचलायला गेला, तेव्हा आईनं घाईघाईनं त्याच्या हातात घुबड दिलं.

सीताबाई भांडली नाही. बाईंनी सांगितलं म्हणजे ते खरंच असणार. फाटकापाशी ती नातीला म्हणाली, “माझंच चुकलं गं. दोऱ्याला हात मीच लावला.” खोकं टेबलाखालीच राहिलं होतं, आणि ते आणायला क्षितिजा परत गेली नाही.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात दोघी शुभदाताईंच्या दारात आल्या. शाळेतल्या बायकांनीच पत्ता सांगितला होता.

“यंदा तुम्हीच करून द्या, बाई,” सीताबाई म्हणाली. “ही आता कशालाच हात लावत न्हाय.”

शुभदाताईंना नाही म्हणता आलं असतं. सवयीनं तोंडातून गेलं, “कितवीत आता?”

“तिसरीत.”

त्यांनी पुठ्ठा पुढे ओढला, कात्री डाव्या हातात घेतली आणि कापायला लागल्या. क्षितिजा टेबलाशी उभी राहून बघत होती.

“उजव्या हातानं कापा ना. वाकडं जातंय.”

“वाकडंच लागतं.”

“म्हनून माझं घेतलं न्हाय?”

शुभदाताईंनी मान वर केली नाही. “हो,” त्या म्हणाल्या.

मुलीनं थोडा विचार केला. मग टेबलावरची दुसरी कात्री उचलून तिनं डाव्या हातात धरली, एक कागद घेतला आणि हळूहळू कापला. तरीही कड बऱ्यापैकी सरळच गेली. तिनं तो कागद बाजूला टाकला आणि दुसरा घेतला.