अकरावी वाट

आईच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी बाबांनी वह्या काढल्या.

पाच वह्या होत्या. भंडाऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशा सगळ्या वाटा त्यांत लिहिलेल्या होत्या. एस.टी. कुठे सोडायची, पायी कुठून निघायचं, पाणी कुठे मिळतं, कोणत्या महिन्यापर्यंत धबधब्याला धार असते, भाकरी खायला सावली कुठे आहे. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे आणि रविवारी गावातल्या पंधरा-वीस लोकांना घेऊन रानात जायचे. त्याला सगळे रविवार मंडळ म्हणत. निवृत्त झाल्यावर या वह्यांचं पुस्तक छापायचं असं त्यांच्या मनात होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून छापखान्यासाठी सुवाच्य प्रत मी करायची होती.

"माणसाले काम पायजे," बाबा म्हणाले. कोणत्या माणसाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी नागपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. आई गेली तेव्हा पंधरा दिवसांची रजा काढून आले होते, ती आता महिन्याची झाली होती. ललिताआत्या परत जाताना मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि मिठाची बरणी, हळदीचा डबा, रॉकेलचं नरसाळं कुठे असतं ते एकेक दाखवलं. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी मान डोलवत राहिले. नागपूरला परत कधी जाणार, हे मला तिनेही विचारलं नाही.

सकाळी स्वयंपाक, दुपारी प्रत, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. रविवारी पहाटे पुऱ्या. आई गेली म्हणून मंडळ बंद ठेवायचं नाही, तिलाही ते आवडलं नसतं, असं बाबांनी ठरवलं होतं. आई दर रविवारी पहाटे चारला उठून मंडळासाठी पुऱ्या तळायची. मंडळातले हिरालालसेठ तेराव्याला जेवताना हळहळून म्हणाले होते, वहिनींच्या हातची वांग्याची भाजी आता कुठची. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाईट हेतूने नव्हे.

सहा दिवसांत दहा वाटा उतरवून झाल्या. अकरावी वाट पांढरझरीची होती. लाखनीला उतरायचं, तिथून शेवटच्या खेड्यापर्यंत बैलगाडी, पुढे दीड तास पायी. या वाटेखाली बाबांनी लिहिलं होतं:

"टीप: फाट्यावर उजवी वाट धरावी. १९७६ साली मंडळासोबत आलेल्या एका भगिनीने खुणेकडे दुर्लक्ष करून डावी वाट धरली व सर्व मंडळींस दुपार टळेपर्यंत उपाशी राहावे लागले. वाचकांनी बोध घ्यावा."

ती भगिनी माझी आई.

मी लेखणी खाली ठेवली. भाजी बघायला उठले, आणि त्या दिवशी परत टेबलापाशी बसले नाही.

आमच्या भागात रानात पुढे गेलेला माणूस मागून येणाऱ्यासाठी खूण ठेवतो. फाटा आला की ज्या वाटेने तो गेला नाही, त्या वाटेवर हिरवी फांदी, आमच्या बोलीत डगाल, आडवी टाकायची. ही वाट बंद. परतताना ज्याने टाकली त्यानेच ती उचलायची, नाहीतर पुढच्याची फसगत होते. लाकडं आणायला जाणाऱ्या बाया, मोहफुलं वेचणारे, सगळे हे पाळतात. आडवी फांदी आमच्याकडे कुणी ओलांडत नाही. आई पवनीकडच्या कोंढ्याची, शेतकऱ्याच्या घरची. तिला हे शिकवावं लागलं नव्हतं. बाबांना ही रीत फार आवडायची. मंडळात त्यांनी या रीतीला आणखी एक नियम जोडला होता: रांगेतल्या शेवटच्या माणसाने प्रत्येक फाट्यावरची खूण तपासून पुढे यायचं.

१९७६ च्या दसऱ्यानंतरच्या रविवारी आई पहिल्यांदा मंडळाबरोबर आली. बाबांच्या शाळेतला शिपाई टिकाराम त्या शेवटच्या खेड्यातला. त्याच्या घरी स्वयंपाक करायचा आणि गरम जेवण झरीवर न्यायचं, असा बेत होता. आम्ही सकाळीच पुढे निघालो. आई आणि टिकारामची बायको शकुनबाई चुलीपाशी राहिल्या. शकुनबाईचं मूल अंगावर पिणारं, म्हणून जेवण घेऊन आई एकटीच येणार होती. फाट्यापर्यंत वाट सरळ आहे, तिथे गुरुजींची खूण असेलच, असं शकुनबाईनं तिला सांगितलं. आईनं त्या दिवशी जांभळ्या काठाचं नवं लुगडं नेसलं होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि बाबा ज्या झऱ्यांबद्दल जेवताना बोलायचे त्यातली एकही तिनं पाहिली नव्हती.

मी सोळा वर्षांची होते. रांगेत शेवटची होते.

फाट्यावर उजव्या वाटेवर सागाची एक फांदी आडवी पडलेली होती. ती जुनी होती, पानं कोमेजलेली. आठ दिवस आधी बाबा आणि टिकाराम वाट पाहायला आले होते, तेव्हा डावी वाट कुठे जाते ते बघायला बाबा आत शिरले होते आणि मागून येणाऱ्या टिकारामसाठी त्यांनी उजवीवर फांदी टाकली होती. पुढे वाट संपली तेव्हा ते फाट्यावर परत न येता नाल्याच्या पात्रातून तलावाच्या पाळीवर निघाले आणि तसेच घरी गेले. फांदी तशीच राहिली. हे मला नंतर टिकारामच्या बोलण्यातून कळलं. त्या दिवशी बाबा पुढे बोलत बोलत चालले होते, ते तिच्यावरून गेले, आणि त्यांच्या मागे सगळं मंडळ गेलं.

मी थांबले. उचलून डावीवर टाकायला पाहिजे, हे मला कळलं. पण तेवढ्यात वरून पाण्याचा आवाज आला आणि पुढच्या मुली ओरडत पळाल्या. मीही पळाले.

तीन वाजेपर्यंत जेवण आलं नाही. पोहून सगळ्यांना भुका लागल्या होत्या. आई कुठे चुकली म्हणून बाबा चिडून खाली निघाले. मी सगळ्यांच्या पुढे धावत फाट्यावर पोचले, आणि ती फांदी पायानं लोटून करवंदीच्या जाळीत ढकलली.

टिकाराम डाव्या वाटेनं गेला आणि अर्ध्या तासात आईला घेऊन आला. तिच्या डोक्यावर भाताचं पातेलं होतं, हातात भाजीचा डबा. तिनं त्यातलं काही खाल्लं नव्हतं. बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, खूण बघता येत नाही का?

"डगाल होती न उजवीवर," आई म्हणाली. "मी डगाल ओलांडू का?"

"कुठं आहे? दाखव."

आईनं वाटेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या चपलेच्या पट्ट्यात सागाच्या वाळल्या पानाचा तुकडा अडकला होता. तिची नजर तिथे जाऊन परत आली.

"नसन," ती म्हणाली. "मलेच भास झाला असन."

हिरालालसेठ हसले, मग सगळे हसले. जेवताना आई एवढंच म्हणाली, "तुमचं हासनं आयकू येत होतं मले." तो टोमणा आहे असं सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर आई कधी मंडळाबरोबर गेली नाही. बाबांनी दोन-तीनदा म्हटलं, मग सोडून दिलं. नवा माणूस मंडळात आला की हा किस्सा मात्र त्याला ऐकवला जायचा, आमच्याच ओसरीवर, आई आत चहा गाळत असताना. शेतकऱ्याची लेक आणि रानात वाट चुकली. आठ वर्षांत तो किस्सा इतका घोटला गेला होता की कुठे थांबायचं आणि कुठे हसायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी नागपूरहून आले की मीही तिथे बसलेली असायची. दोनदा मी आईला सांगायला गेले. दोन्ही वेळा तिनं मला काहीतरी काम सांगितलं.

आता तो किस्सा छापला जाणार होता, माझ्या अक्षरात.

बुधवारी मी बाबांचं दुपारचं जेवण झाकून ठेवलं आणि बँकेत काम आहे असं सांगून लाखनीची गाडी पकडली. हायवेवर उतरून खेड्यापर्यंत चालत गेले. शकुनबाई धानाच्या बांधीत होती, मला पाहून बांधावर आली. आईचं तिला कळलं होतं. डोळे पुसून तिनं विचारलं, एकटी काहून आली? मी म्हटलं, सहज. तिनं मला तांब्याभर पाणी दिलं.

फाट्यावर काहीच पडलेलं नव्हतं. मी डावी वाट धरली.

ती वाट कड्याच्या पायथ्यानं जाते. पंधरा मिनिटांत एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काटेरी बांबू असं होतं आणि माणूस एका कोरड्या नाल्यात येऊन थांबतो. पुढे वाट नाही. मी एका सपाट दगडावर बसले. तिथे बसण्यासारखा तोच एक दगड होता, तेव्हा आईही त्याच्यावरच बसली असणार.

आधी पाण्याचा आवाज आला. झरी कड्याच्या पलीकडे होती, अगदी लागून, फक्त दिसत नव्हती. मग बायकांचे आवाज आले. डोहावर कुणी दोघी कपडे धूत होत्या. कड्याला वर एक फट आहे, तिच्यातून शब्दन् शब्द खाली उतरत होता. एकीची सून माहेरी जाऊन बसली होती. दुसरी म्हणत होती, आणायला जाऊ नको, भूक लागली की येईल. मग दोघी हसल्या.

मी हाक मारली. पुन्हा मारली. मोठ्यानं, उभी राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून. त्या बोलतच राहिल्या. पाण्याजवळ असलेल्याला खालचं काही ऐकू येत नव्हतं.

आईला सगळं ऐकू आलं होतं. आमचं पोहणं, हिरालालसेठचं गाणं, मुलींचं किंचाळणं, बाबांनी धबधब्याची उंची सांगणं. भूक लागल्यावर तिच्याबद्दल काय काय बोललं गेलं तेही. मागे जाऊन उजवीनं येता आलं असतं, पण उजवीवर फांदी होती आणि ती तिच्या नवऱ्यानं टाकलेली होती. हरवलेल्यानं जागा सोडू नये, हाही त्यांचाच नियम. म्हणून नवं लुगडं नेसून, भात निवत असताना, ती तीन तास इथे बसून राहिली.

मी उजव्या वाटेनं झरीवर गेले नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा टेबलापाशी बसून माझी प्रत तपासत होते. अकरावी अर्धीच का सोडली, असं त्यांनी विचारलं. मी चहाही न ठेवता उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फांदी पाहिली होती ते, उचलली नाही ते, आणि येताना जाळीत ढकलली ते.

बाबांनी चष्मा काढला. तो धोतराच्या सोग्यानं पुसू लागले.

"तिले माहीत होतं?"

"हो."

"आठ वर्सं?"

"हो."

"आन् मी..." ते म्हणाले. ओसरीवरच्या बाकाकडे पाहत राहिले, जिथे बसून ते किस्सा सांगायचे. मग विचारलं, "सागाचीच होती न? उजवीवर?"

मी हो म्हटलं. ती कुणी टाकली होती ते मी बोलले नाही. त्यांना आठवत होतं, हे त्यांच्या बोटांवरून कळत होतं. चष्म्याची काडी ते उघडत होते, मिटत होते.

मी म्हटलं, टीप काढून टाकू का? त्यांनी वही स्वतःकडे ओढली. मी आत गेले, कणीक भिजवली. बाहेर येऊन पाहते तो ते वहीत लिहीत होते. जुनी टीप रेघ मारून खोडली होती. खाली नवी होती:

"टीप: फाट्यावर उजवी वाट धरावी. १९७६ साली येथे एक जुनी फांदी उचलायची राहिली होती. त्यामुळे एका भगिनीस डाव्या वाटेने जाऊन तीन तास एकटीने बसावे लागले. खूण त्यांनी बरोबर वाचली होती. चूक सर्वस्वी प्रस्तुत लेखकाची."

मी दोनदा वाचलं. म्हटलं, "बाबा, हे पुरं खरं नाही. ढकलली मी. माझं लिहा."

"लेखक कोन आहे?"

"तुम्ही."

"मंग तू उतरव," बाबा म्हणाले आणि वही माझ्याकडे सरकवली.

आईच्या 'नसन'सारखंच ते बोलले, त्याच सुरात. त्यावर वाद घालायला जागा नव्हती. आठ वर्षांपूर्वी त्या फाट्यावर आई बोलली असती तर मी एकदा रडले असते, मार खाल्ला असता आणि मोकळी झाले असते.

जेवणं झाल्यावर मी दिवा जवळ ओढला आणि टीप उतरवली, शब्दही न बदलता, माझ्या चांगल्या अक्षरात. मग पान उलटून बारावी वाट सुरू केली. बाबा खोलीच्या दारात आले. रविवारी मंडळाला येऊ नका म्हणून हिरालालला सांगून ठेवतो, असं म्हणाले. मी बरं म्हटलं.

शनिवारी रात्री सवयीनं मी पुऱ्यांची कणीक काढून ठेवली होती. ती पहाटे परत डब्यात ओतली.