कस्तुरीची शोकसभा

केशवापूरच्या बसथांब्यामागे एक बुटकी दगडी भिंत होती. बसची वाट बघणारी माणसं तिच्यावर रस्त्याकडे तोंड करून बसत. तीन म्हातारे मात्र रोज सकाळी रस्त्याकडे पाठ करून बसत, आणि त्यांना कुठल्याही बसनं कुठंही जायचं नसे. नवख्या माणसाला वाटे, यांचं कुणाशी तरी भांडण झालं असावं.

भांडण नव्हतं, खेळ होता. स्टेशनकडून बस चढ चढायला लागली की ती कुठली हे न बघता सांगायचं आणि मगच वळायचं. रिटायर झालेले जयतीर्थ मास्तर आवाजावरून सांगत, म्हणून ते कान. रेल्वेच्या वर्कशॉपात उभा जन्म काढून प्रेम मात्र बसवर करणारा बाळाप्पा वासावरून सांगे, म्हणून तो नाक. आणि पद्मनाभ वकील म्हणजे डोळा. वळून नंबर बघायचा, पत्र्याचे पोचे, रंगाचे टवके तपासायचे आणि निकाल द्यायचा, हे काम त्यांचं. जन्मभर कोर्टात दुसऱ्यांचे निकाल ऐकून घेतल्याचा वचपा ते इथं काढत.

गावातल्या बहुतेक बसना त्यांनी नावं दिली होती. जरा चढ लागला की रुसून उभी राहणारी ती ‘सूनबाई’. जिचं दार कधीच लागत नसे ती ‘धर्मशाळा’. ब्रेक दाबला की किंचाळणारी ती ‘गवयीण’. आणि सगळ्यांत जुनी, सगळ्यांची लाडकी, ती कस्तुरी. तिच्यातून धारवाडला जाऊन आलं की अंगावरच्या सदऱ्याला धुतल्यावरही डिझेलचा वास येई. कस्तुरीचा आवाज तर विचारूच नका. घरघर करत चढ चढायची, मध्येच एक ठसका द्यायची, क्षणभर दम खायची, आणि मग ‘आता बघतेच’ म्हणाल्यासारखी पुन्हा घरघरायची.

जयतीर्थ मास्तरांना जन्मात कशाची खात्री म्हणून नसे. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जात आणि परत येऊन ते ओढून बघत. शाळेत इतिहास शिकवताना सनावळीच्या आधीसुद्धा ‘बहुतेक’ लावत. खात्री होती ती फक्त कानांची. अलीकडे वत्सलाबाई, म्हणजे त्यांची बायको, तिलाही सुरुंग लावत होत्या. “तुम्हाला ऐकू येत नाही. कोप्पीकर रोडवर कानाचे डॉक्टर बसतात, एकदा दाखवून या,” असं त्या म्हणत. मास्तर मनात म्हणत, बस ऐकू येते ना, मग झालं. पण रात्री पडल्या पडल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते का, हे ते गुपचूप तपासून बघू लागले होते.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मास्तर भिंतीवर येऊन टेकले आणि म्हणाले, “कस्तुरी आज वेळेवर गेली. मी दाढी करत होतो.”

बाळाप्पा त्यांच्याकडे बघतच राहिला. “कुठली कस्तुरी, मास्तर?”

“आपली कस्तुरी.”

“अय्यो! तुम्हाला कळलं नाही काय? काल संध्याकाळी उणकलच्या तळ्याजवळ जळाली की ती! टपावर कापसाची गाठोडी होती, आणि गाठोड्यांना टेकून कोणीतरी शहाणा बिडी ओढत बसला होता. माणसं सगळी सुखरूप. तळ्याचं पाणी आणून ओतलं म्हणे, पण ती काय राहती?”

“पण मी ऐकली,” मास्तर म्हणाले.

“स्वप्नात ऐकली असाल.”

“दाढी करताना स्वप्न पडतं काय रे?”

“तुमचं काय सांगावं?” पद्मनाभ वकील म्हणाले. “परवा तुम्ही ऑटोरिक्षाला सूनबाई म्हणालात.”

“तिचा सायलेन्सर फुटला होता!”

“रिक्षाचा सायलेन्सर, मास्तर. सूनबाईचा नव्हे.”

वाद वाढू नये म्हणून तिघंही उठले आणि मिळेल त्या बसनं उणकलला गेले. ती नेमकी धर्मशाळा निघाली. बाळाप्पा दारात लोंबकळत म्हणाला, “बघा, ही जित्ती आहे, आणि ती गेली. वरच्याला निवड म्हणून नाही.”

रस्त्याच्या कडेला कस्तुरी काळीठिक्कर होऊन उभी होती. काचा गेल्या होत्या, टायर गेले होते, सीटांच्या जागी नुसत्या सळ्या उरल्या होत्या. जवळ म्हशी चरत होत्या. वकिलांनी चष्मा पुसला, बसभोवती एक फेरी मारली, पुढच्या काचेखालचा पोचा बोटानं चाचपला, नंबराच्या पाटीवरची काजळी रुमालानं पुसली आणि सगळ्यांत खालच्या सुरात निकाल दिला. “हीच.”

बाळाप्पानं हुंगून बघितलं. “आता कसला वास, नुसता जळका कापूस,” म्हणाला आणि नाक पुसलं.

मास्तरांनी डावीकडच्या तिसऱ्या खिडकीची दांडी बघितली. शाळेच्या नोकरीत कितीतरी वर्षं ते त्या दांडीला धरून धारवाडला गेले होते. दांडीला त्यांच्या हातानं पडलेला बाक होता, निदान त्यांना तसं वाटे. तो होता. कस्तुरी जळाली होती, आदल्या संध्याकाळीच जळाली होती, आणि ते म्हणत होते, मी आज सकाळी ती ऐकली.

दुपारी घरी आल्यावर ते पायरीवरच बसले. आत वत्सलाबाईंचा स्टो भर्रर्र करत होता.

“कस्तुरी जळाली,” ते आत बघून म्हणाले. “काल संध्याकाळीच. आणि मला वाटलं, आज सकाळी गेली.”

वत्सलाबाई आतून काहीतरी म्हणाल्या. मास्तर ‘हं’ म्हणाले. त्या पुन्हा काहीतरी म्हणाल्या. मास्तर पुन्हा ‘हं’ म्हणाले. डॉक्टरांचंच असणार, दुसरं काय? आणि बरोबरच होतं त्यांचं. बायको म्हणते ते ऐकू येत नाही, आणि जळालेली बस ऐकू येते. हा कान आहे की रेडिओ? मग त्या भिंतीवर बसायचं तरी कशाला? उद्या सांगून टाकू, दुसरा कान बघा म्हणून.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर शोकसभा ठरली. कल्पना अर्थातच वकिलांची. बाळाप्पानं शेवंतीचा हार आणला. बसचा फोटो नव्हता, म्हणून हार थांब्याच्या खांबाला घातला. चार-दोन प्रवासी कुणी थोर माणूस गेला असावा असं समजून टोप्या काढून उभे राहिले. वकिलांनी घसा खाकरला.

“आपली कस्तुरी आज आपल्यात नाही. ती निष्कलंक होती असं मी म्हणणार नाही. तिचं तेल गळत असे. पण तिनं कधी कुणाला वाटेत सोडलं नाही...”

“नवलूरला सोडलं होतं की,” बाळाप्पा पुटपुटला. “मी रेल्वे फाटकापर्यंत चालत आलो.”

“सुम्म बस रे! मेलेल्याबद्दल असं बोलतात काय?” वकील कुजबुजले आणि पुन्हा आवाज चढवून म्हणाले, “आता दोन मिनिटं शांतता. मग मास्तर दोन शब्द बोलतील.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मास्तरांचे दोन शब्द तयार होते: मी उठतो. ते मनात घोळवत, पायाच्या अंगठ्याकडे बघत ते उभे होते. रस्त्यावर एक टांगा गेला. कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. आणि चढाच्या पायथ्याशी काहीतरी घरघरलं.

मास्तरांनी डोळे गच्च मिटून घेतले. नाही, नको, आता नको, ते मनात म्हणाले.

घरघर वर येऊ लागली. मध्येच एक ठसका. मग क्षणभर दम. मग ‘आता बघतेच’ म्हणत पुन्हा घरघर.

मास्तरांनी एक डोळा किलकिला केला. शेजारी बाळाप्पाचा जबडा लोंबत होता. पलीकडे वकील मान खालीच ठेवून, पण कान टवकारून, पांढरेफटक पडले होते. मास्तरांच्या छातीवरून कोणीतरी दगड उचलल्यासारखं झालं. हे दोघंही ऐकत होते! पण दोन मिनिटं व्हायची होती आणि वकिलांनी बोट वर धरलं होतं. सभेचा नियम मोडून बोलायचं कुणी? मेलेली बस चढ चढून वर आली, पाठीमागे थांबली, आणि तिघंही श्रद्धांजली वाहत तसेच उभे.

“कोण गेलं री?” पाठीमागून आवाज आला.

वकिलांनी बोट खाली घेतलं. तिघं एकदम वळले. समोर एक कोरी करकरीत बस उभी होती, पुढं लिंबू-मिरची लटकवलेली. आणि तिच्या पोटातून कस्तुरी घरघरत होती.

ड्रायव्हर बाबू खिडकीतून डोकं काढून हाराकडे बघत होता. तो या मंडळाला चांगला ओळखायचा.

“बाबू, हा... हा आवाज कुणाचा?” मास्तरांनी विचारलं.

“तुमच्या म्हातारीचा, अण्णा! ह्या नवीचं इंजिन बिघडलं, सुटा भाग यायला वेळ लागणार. मग साहेब म्हणाले, म्हातारीचं इंजिन काढून हिला बसवा. आवाज घाण, पण जोर अस्सल. आणि म्हातारीला भंगारात काढलेल्या गाडीचं लावून दिलं. परवाच केलं डेपोत. बरं झालं ना? नाहीतर तळ्याजवळ हेही गेलं असतं.”

“म्हणजे काल सकाळी...”

“मीच नेली की. तुमच्या दारावरून.”

मास्तर भिंतीवर मटकन बसले. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याकडे तोंड करून.

खरा गोंधळ नंतर झाला. वकिलांचं म्हणणं, नंबराची पाटी जिची ती कस्तुरी. तेव्हा कस्तुरी मेली आणि निकाल बरोबर होता. बाळाप्पा म्हणाला, “जीव जिथं ती कस्तुरी. उद्या तुम्हाला दुसऱ्याचा कोट घातला तर तुम्ही वकील राहणार नाही काय?” वकील म्हणाले, कोट काढला तर निश्चितच राहणार नाही. मग हाराचं काय करायचं यावर जुंपली. बाळाप्पा तो बसच्या नाकाडावर घालायला निघाला, तेव्हा बाबू ओरडला, “मढ्याचा हार माझ्या गाडीला? लांब न्या आधी!” प्रवाशांपैकी एकानं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत विचारलं, “ही बस धारवाडला जाणार की नाही?”

मास्तर यातलं काही ऐकत नव्हते. ते जवळजवळ पळतच घरी निघाले. कुलूप ओढून बघायला नव्हे, सांगायला.

“वत्सले! मी बरोबर होतो! काल सकाळी कस्तुरीच गेली होती! तिचं इंजिन...”

वत्सलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“त्यात काय नवल? ती गेली की मी भाताला आधण ठेवते. काल तिचा ठसका ऐकूनच ठेवलं होतं.”

मास्तर दारातच थबकले. “अगं, मग काल मी इथं पायरीवर बसून जीव जाळत होतो, तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं की! दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

मास्तरांनी खुंटीवरची टोपी घेतली, आणि कोप्पीकर रोडवरच्या त्या डॉक्टरांचा दवाखाना किती वाजता उघडतो, ते बायकोच्या अगदी जवळ जाऊन विचारलं.