भिंतीतले सतरा व्होल्ट

वहिनींनी फोनवर एवढंच सांगितलं, की मागच्या खोलीत हीटर लावला की दिवा मलूल होतो आणि दोन दिवसांपासून मासळी कुजल्यासारखा वास येतोय. मी हातातला चहा तसाच ठेवून निघालो. वायरवरचं प्लास्टिक तापलं की असाच वास येतो. वहिनींना बिचाऱ्यांना काय माहीत! उंदीर मेला असेल म्हणून त्यांनी सगळी कपाटं सरकवून पाहिली होती.

मागच्या खोलीत दादा झोपून असतो. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्याला कूस बदलायलाही माणूस लागतं. पलंग भिंतीला टेकलेला, आणि त्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत लाकडी फळ्या ठोकलेल्या. इथे आग लागली तर हा उठून पळू शकणार नाही, हे खोलीत पाऊल टाकतानाच माझ्या मनात आलं आणि मग तिथून हललंच नाही.

"भावोजी, कोपऱ्यावरचा वायरमन येऊन गेला," वहिनी म्हणाल्या. "प्लगला दोनशे तीस व्होल्ट आहेत, उगाच घाबरू नका म्हणाला."

"हीटर चालू ठेवून मोजले का त्याने?"

"छे, बंद करून."

अकलेचा कांदा! भार नसताना व्होल्टेज मोजणं म्हणजे झोपलेल्या हमालाकडे बघून ह्याची पाठ दुखत नाही असं ठरवणं. तार खराब असली तरी करंट वाहत नाही तोवर ती साळसूद असते. मी हीटर लावला. दिवा लगेच पिवळा पडला. बाहेरच्या बोर्डावर मोजले तेव्हा दोनशे एकोणतीस व्होल्ट, खोलीतल्या प्लगवर मोजले तेव्हा दोनशे दहा. तारेभोवती चिमटा मीटर लावला, करंट आठ अँपिअर.

म्हणजे वाटेत एकोणीस व्होल्ट गिळले जात होते.

दादाच्या गोळ्यांच्या खोक्यावर मी गणित मांडलं. एकोणीस भागिले आठ, रोध झाला जवळपास दोन पूर्णांक चार ओहम. बोर्डापासून इथवर जाऊन-येऊन तीस मीटर तांब्याची तार, तिचा स्वतःचा रोध फार तर पाव ओहम. तिच्या नावावर दोन व्होल्ट टाकले. सतरा उरले. सतरा गुणिले आठ, एकशे छत्तीस वॅट. आमची सोल्डरिंगची सळई पंचवीस वॅटची असते, तिच्या टोकावर कथिल पाण्यासारखं होतं. तशा पाच सळया एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, कोरड्या लाकडाच्या मागे. आणि बोर्डावरचा एमसीबी आपोआप पडून लाइन तोडणार नव्हता, कारण त्याला फक्त करंट कळतो आणि आठ अँपिअर हा काही जास्त करंट नव्हे.

मी आकड्यांकडे बघत राहिलो. खरं सांगतो, घाबरलो. हीटर बंद केला, मग बोर्डावर जाऊन खोलीची लाइनच तोडली.

भीती ओसरली तसा राग आला. ह्या अख्ख्या इमारतीचं वायरिंग दादाचं. मला हातात पक्कड धरायला शिकवली ती त्यानेच, आणि जोड द्यायचा तो उघडता येणाऱ्या डबीत, भिंतीत कधी नाही, हे त्याने मला थपडा मारून शिकवलं होतं.

"दादा, भिंतीत जोड आहे," मी म्हटलं. "नुसते पीळ मारून वर पट्टी गुंडाळलेला. दुसऱ्या कशाने इतका रोध येत नाही."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जगाला शिकवतोस आणि स्वतःच्या घरात हे? वहिनी ह्याच खोलीत झोपतात, त्यांचा तरी विचार करायचास!"

"मी भिंतीत कधी जोड दिला नाही," तो म्हणाला.

"मग काय भुताने दिला?"

"अहो, सांगून टाका आता," वहिनी दारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला होता. "मला म्हणालात, धाकट्याला बोलाव. मग बोला की त्याच्याशी."

दादाने मान माझ्याकडे वळवली. एवढ्यानेही त्याला धाप लागली.

"त्या महिन्यात मी टायफॉइडने पडलो होतो. मागच्या खोल्यांच्या तारा तू एकट्याने ओढल्यास. तारेचं भेंडोळं कमी पडलं, तू तुकडे जोडलेस आणि पाइपात सारलेस. मला कळलं तेव्हा गिलावा झाला होता."

मग मला ते भेंडोळं आठवलं. मालक घाई करत होता, दुकान बंद होतं. दिव्यापुरती तर लाइन आहे, काय होणार, असं मी तेव्हा स्वतःशी म्हटलेलंही आठवलं.

"सत्तावीस वर्षं बोलला नाहीस?"

"तुझं नुकतंच लग्न ठरलं होतं. काम हातचं गेलं असतं तुझं. दिव्यापुरतं चालून जाईल, असं मलाही वाटलं रे."

मला त्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण त्याने माझं मनगट धरलं. आजारी माणसाची ती पकड नव्हती.

"इथे काय बसलास? मागच्या खोल्या म्हणालो मी. ह्या एकाच मजल्यावरची नव्हे, वरच्या मजल्यांवरच्याही."

बाहेर संध्याकाळ झाली होती आणि ह्या हिवाळ्यातली सगळ्यांत कडक थंडी पडली होती. मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. मेन स्विच बंद करा, बाकीचं मागून सांगतो, एवढं वाक्य मनात घोकत होतो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला हं," त्या म्हणाल्या. "मागच्या खोलीत बाळ झोपलंय. थंडी फार, म्हणून दुपारपासून हीटर लावून ठेवलाय."