डावखुऱ्या साहेबाचा शेवटचा भाग

माझ्या वडिलांना जगात कशाचीच फार हौस नव्हती. नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, राहणं क्वार्टरमध्ये, चहा बिनसाखरेचा. फक्त एका पिक्चरचा शेवट तेवढा त्यांना बघायचा होता, आणि तो काही त्यांना बघायला मिळाला नव्हता.

पिक्चर इंग्रजी, बोलपट नवे नवे निघाले तेव्हाचा. बाबांच्या लहानपणीच तो जुनापुराणा झाला होता. क्वार्टरच्या मैदानात दोन बांबूंना चादर बांधायची आणि दर शनिवारी त्याचा एक भाग दाखवायचा. प्रत्येक भाग संपताना नायक मरायच्या बेतात असायचा, मग आठवडाभर सगळ्या पोरांच्या जिवाला घोर. नायकाचं नाव कुणालाच नीट कळलं नव्हतं. सगळे त्याला साहेब म्हणत. साहेब विमानात बसून दुसऱ्या ग्रहावर जायचा. विमान ज्या दोरीला टांगलेलं ती दोरी दिसायची. तिथले राक्षस म्हणजे पाली, त्यांना पुठ्ठ्याचे पंख चिकटवलेले. कुणी टेकलं की राजवाड्याची भिंत हलायची.

“आम्हाला दिसत नव्हतं असं नाही,” बाबा सांगायचे. “पण साहेब इतका मनापासून घाबरायचा, की आपण हसलो तर त्याला वाईट वाटेल असं वाटायचं.”

आई, म्हणजे कांताबाई, पलीकडच्या ओळीत राहायची. दोघं शेजारी बसून सगळे भाग बघायची. शेवटच्या भागाच्या शनिवारी मात्र बाबांना टायफॉइड झाला. ते अंथरुणात रडायला लागले, तेव्हा आईने शपथ घेतली, “तुझ्याशिवाय मीपण नाही बघणार.” तो भाग पुन्हा खडकीत आला नाही. पुढे दोघांचं लग्न झालं, मी झाले, बुद्धभूषण झाला, पण साहेब आमच्या घरात तसाच दगडाला बांधलेला राहिला, डोक्यावर खिळ्यांचं छत खाली खाली येतंय.

आम्हाला झोपवताना आई त्याला सोडवायची. साहेब उजवा हात कसाबसा मोकळा करतो, राणीचा मुकुट फेकतो, मुकुट यंत्राच्या चाकात अडकतो, छत थांबतं. तिथला दुष्ट राजा पळताना आपल्याच दारात चिरडला जातो. साहेब विमानात बसतो, पण राणी बसत नाही. ती मागेच राहते, आणि विमान ठिपक्याएवढं होईपर्यंत हात हलवते.

“खोटं,” बाबा पलीकडच्या खाटेवरून म्हणायचे. “राणी कशाला मागे राहील? आणि साहेब डावखुरा आहे. सगळी मारामारी डाव्या हाताने केली, आता ऐन मरणाच्या दारात उजवा कुठून आला?”

“तुम्ही बघितलंय का?”

“तू बघितलंयस?”

इथे आई पांघरूण डोक्यावरून घ्यायची. हे भांडण माझं लग्न झालं तरी चालू होतं. मागच्या वर्षी आई गेली आणि ते एकतर्फी झालं. बाबा जेवायचे, औषधं घ्यायचे, कुणाशी वाद मात्र घालत नव्हते. माणूस वाद घालेनासा झाला की मला धडकी भरते. एकदाच म्हणाले, “शीला, तो शेवट बघायला मिळाला असता तर बरं होतं. कोण खरं ते कळलं असतं.”

मी तो पिक्चर इंटरनेटवर आधीही शोधला होता. डावखुरा नायक, दुसरा ग्रह, असं घालून घालून थकले होते. या वेळी पंख लावलेल्या पाली घातल्या आणि तो लगेच सापडला, सगळ्या भागांसकट. लॅपटॉप घेऊन दुपारीच खडकी गाठली. बाबांनी चष्मा लावून थोडा वेळ बघितलं आणि मान हलवली.

“हा नव्हे.”

“बाबा, पाली बघा. दोरी बघा.”

“पाली त्याच आहेत. पण हा उजव्या हाताने लढतोय. आपला साहेब डावखुरा.”

मी कपाळाला हात लावला. मग विचारलं, “तुम्ही बसायचात कुठे?”

“पडद्याच्या मागे. पुढे मोठी माणसं बसायची. पोरं सगळी मागे.”

म्हणजे मागून दिसणारी चादर. सगळं उलटं. इतक्या वर्षांत ही गोष्ट सांगावी असं आमच्या वडिलांना वाटलं नाही, आणि मी बसले जगभरातले डावखुरे शोधत. राग गिळला आणि लॅपटॉप कपाटाच्या आरशासमोर ठेवला. बाबांना म्हटलं, आता आरशात बघा.

बाबा पुढे सरकले. “आला,” एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

शेवटचा भाग लावला. साहेब दगडाला बांधलेला, छत खाली येतंय. साहेबाने हात सोडवला, मुकुट उचलला आणि फेकला.

“डावा!” बाबांनी मांडीवर थाप मारली. “बघ. मी काय सांगत होतो? डावाच.”

मुकुट चाकात अडकला. छत थांबलं. राजा पळाला आणि आपल्याच दारात चिरडला गेला. साहेब विमानात चढला. राणी चढली नाही. ती उभी राहिली आणि हात हलवत राहिली, विमान ठिपक्याएवढं होईपर्यंत.

पिक्चर संपला. पंखा फिरत होता.

“हे तिने रचलेलं नव्हतं,” बाबा म्हणाले. “बघितलं होतं. उजवा हात म्हणायची, म्हणजे पुढे बसून बघितलं. तिच्या आईबरोबर गेली असणार, बायकांमध्ये.”

“शपथ मोडली म्हणून बोलली नसेल. तुम्ही रागावला असतात.”

“तेव्हा रागावलो असतो. नंतर कशाला रागावतोय?”

“सांगत तर होती, बाबा. रोज रात्री सांगत होती. तुम्ही खोटं म्हणायचात.”

हे मी बोलायला नको होतं. बाबा आरशाकडे बघत राहिले. त्यात आता फक्त आम्ही दोघंच होतो.

आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा बाबा तिच्याजवळून हलत नव्हते. मीच त्यांना बळेबळे अंघोळीला घरी पाठवलं. जाताना आईला म्हणाले होते, मी येईपर्यंत थांब. तिने मानेनेच हो म्हटलं होतं. ते परत आले तेव्हा वॉर्डबॉय तिच्या रिकाम्या पलंगावरची चादर बदलत होते.

“दोन्ही वेळा हो म्हणाली,” बाबा म्हणाले, “आणि दोन्ही वेळा मला सोडून गेली.”

त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. लॅपटॉप मिटला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.