पळसाच्या पानांचा दादा

दादा पळसाच्या पानांचा केला होता. डोक्याच्या जागी नारळ, अंगात त्याचाच जुना सदरा, काखेत उसवलेला. तो सदरा मायने पेटीतून काढून दिला तेव्हाच माझं डोकं फिरलं.

माणूस परदेशात मेला अन् अंग सापडलं नाही की आमच्याकडे असं पानांचं माणूस करून जाळतात. वडील नाहीत, सुकलालदादाचं लग्न झालेलं नाही. म्हणजे अग्नी द्यायचा मी, भटूने. मास्तरवर पाटी फेकून शाळा सोडणारा मी, पण मला भीती एकच होती. दादा जिता असेल, तर मी इकडे पेटवल्याबरोबर तो तिकडे मरेल.

हसा खुशाल. आमच्या ब्राह्मणपुरीच्या नदीवर हातात पेटतं गवत घेऊन एकदा उभे राहा, मग हसा.

बातमी आणली धर्मचंदने. शहाद्याच्या कापडवाल्याचा पोरगा, लंडनच्या विद्यापीठात दादाच्याच वसतिगृहात राहायचा. लढाईमुळे त्याची आगबोट सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून आली. जाताना गुबगुबीत होता, आला तेव्हा नुसता कोट चालत आल्यासारखा. आमच्या ओसरीवर बसून सांगत होता, "जेवायला एका टेबलावर चिनी, मिसरी, पोलंडचा, सगळे. परीक्षा तोंडावर, अन् अंधार पडला की बॉम्बच्या विमानांचा भोंगा. पुस्तकं उचलायची, तळघरात पळायचं. तो पोलंडचा तिथे गणितं करायचा. आकडे इतके वेडेवाकडे यायचे की त्याचे त्यालाच वाचता यायचे नाहीत."

"अन् दादा?"

"सुकलालचा जीव तळघरात गुदमरायचा. तो वर जिन्यातच बसायचा."

एका हल्ल्यात धर्मचंद लायब्ररीत अडकला. सकाळी येऊन बघतो तर वसतिगृहाच्या जागी विटा. एवढं तो बोलला अन् आमच्या गड्याने ज्वारीचं पोतं धप्पकन टाकलं. धर्मचंद डोकं धरून कणगीमागे! उखाकाका खो खो हसले. मला मात्र त्याची बोटं दिसत होती. भिंतीत घुसायला बघत होती.

तरी पानांचं माणूस जाळायचं काकांनी ठरवलंच. आता नदीवर भटजी घाई करत होते.

"पेटाड रे भटू, ऊन चढी ऱ्हायनं," काका म्हणाले.

"नही."

"येडा! तो तठे भूक्या-तिश्या भटकी ऱ्हायना व्हई. तुन्हा हातनं आग भेटनी की सुटी तो."

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. तो मेला असेल अन् मी पेटवलं नाही, तर त्या विटांमध्ये, त्या थंडीत, तसाच? गवताची धग बोटांपर्यंत आली. मी धर्मचंदकडे वळलो.

"दादाले मरेल देखं का तू? डोयानी?"

"विटा पाहिल्या."

"दादाले?"

तो नदीकडे बघायला लागला. "विटा उपसायला वाकलो होतो रे. पुन्हा भोंगा झाला. मी पळालो. जिन्यातला माणूस दबतो, बाहेरही पळतो. मला नको विचारू."

मी गवत पाण्यात फेकलं. काकांनी कानफटात मारली. मी पानांचा दादा खांद्यावर घेतला अन् निघालो. तो अगदीच हलका होता.

मसणात गेलेलं परत गावात आणत नाहीत. बाया पोरं ओढून दारं लावू लागल्या. माय दारातच होती.

"पेटाडं?"

"नही."

ती मागे सरकली. सदऱ्याकडे हात नेला, पुन्हा पदरात घेतला. आत ये म्हणेना, परत ने म्हणेना. मागून काका आले.

"भुईवर ठेव ते! घरमां लयजाऊ नको!"

भुईवर कसं ठेवू? जीव जायला लागला की माणसाला खाटेवरून भुईवर घेतात. भुईवर ठेवलं की मेला. म्हणून मी उभाच राहिलो. हात भरून आले. नारळ घरंगळायला लागला, तो हनुवटीने दाबून धरला.

माय आत गेली. खाट ओढत अंगणात आली.

"भुईवर नको," ती म्हणाली. "आठे निजाड."

काका तोंडाला येईल ते बोलत निघून गेले. मी दादाला खाटेवर निजवलं. मायने त्याच्यावर गोधडी घातली. गळ्यापर्यंतच. मेलेल्याचं तोंड झाकतात, म्हणून झाकलं नाही.

मग आम्ही दोघं खाटेच्या दोन्ही बाजूंना बसलो. त्या उघड्या नारळाकडे बघायचं धाडस मात्र ना तिला झालं, ना मला.